देवणीबरोबर न दिलेलं उपरणं

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मांजरांच्या गमतीजमती लिहून मागितल्या आहेत. गमती आहेत, त्या लिहितो. पण आधी एक तक्रार मांडतो. ती पोटात ठेवून मला दुसरं काही लिहिता येणार नाही.

परभणीत जिंतूर रस्त्याला आमचं मांजरांचं केंद्र आहे. रस्त्यावरची, टाकून दिलेली, जखमी मांजरं तिथे आणायची, बरी करायची आणि चांगल्या घरी द्यायची, हे तिथलं काम. फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला काळ्या दगडाची पाटी आहे. तिच्यावर देणगीदारांची बावीस नावं कोरली आहेत. पत्रे कुणी दिले, पाण्याची टाकी कुणी दिली, औषधांचं कपाट कुणी दिलं. त्या बावीसपैकी एकोणीस जणांच्या दारात मी उभा राहिलो. कुणी चहा पाजला, कुणी बाहेरच ताटकळत ठेवलं, एकाने कुत्रं सोडलं. पाटीवर माझं नाव नाही. समितीचं म्हणणं असं, की सोपानरावांनी देणगी दिली नाही, फक्त आणली.

गेल्या वर्षी समितीने मला कामावरूनही काढलं. कागदावर कारण लिहिलं, 'लोकांशी उद्धट वर्तन'. मी उद्धट आहे, याला परभणीत हजार साक्षीदार मिळतील. तरीही ते कारण चुकीचं आहे. मला काढायला त्याहून मोठं कारण होतं आणि ते समितीला माहीत नव्हतं.

मी मूळचा हेडी, म्हणजे जनावरांच्या बाजारातला दलाल. सातवीत शाळा सुटली. दुसऱ्यांची बैलं हाकत पायी बाजाराला नेण्यापासून मी सुरुवात केली आणि तिशीच्या आत माझ्या शब्दाशिवाय जोडी विकली जात नाही, इथपर्यंत आलो. आमचा सौदा उपरण्याखाली चालतो. घेणारा आणि दलाल हातात हात देतात, वरून उपरणं टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरवतात. वर तोंडं पाऊसपाण्याचं बोलत असतात, खाली बोटं भांडत असतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. माझं एकच उपरणं मी तीस वर्षं वापरलं.

त्या बाजाराचा आणखी एक रिवाज सांगून ठेवतो. जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. घेणाऱ्याने स्वतःचा दोर आणायचा, विकणाऱ्याने आपलं दावं सोडून खांद्यावर टाकायचं आणि घरी न्यायचं. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते, असं मानतात. हे मला कुणी शिकवलं नाही, ते अंगातच भिनलं होतं.

ट्रॅक्टर वाढले, बाजार रोडावला. मग मी जिंतूर रस्त्याला सरकी-पेंडीचं दुकान टाकलं. शेजारच्या रिकाम्या गोदामात स्वामी बाई मांजरं घेऊन आल्या. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. एकट्या राहणाऱ्या, कपाळावर विभूती, नेसण कडक आणि आवाज त्याहून कडक. माझ्या दुकानात उंदरांनी पोती फोडायचा धडाका लावला होता, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो.

"बाई, दोन मांजरं द्या."

"कशाला?"

"उंदरं लय झालीत. पेंडीची पोती फोडायलीत."

"मग पिंजरा आणा. मांजर नोकरीला देत नाही आम्ही."

"फुकट न्हाई मागायलो. रोज अर्धा लिटर दूध घालीन."

"मोठ्या मांजराला दूध पचत नाही."

"मंग मासे."

"दुकान बंद झाल्यावर ते कुठं राहणार?"

"आतच. उंदरं तवाच निघत्यात."

"आजारी पडलं तर?"

"बाई, तुमी मांजर द्यायलाव का पोरगी?"

"पोरगी देताना लोक एवढं विचारत नाहीत, सोपानराव. इथं विचारावं लागतं."

तीन तास मी भाव वाढवत गेलो. त्या एक पाऊल हलल्या नाहीत. बाजारात मला असं कुणी हरवलं नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "आठ दिवस रोज एक तास इथं येऊन बसा. मग मागा." मी ईर्षेने बसलो. आठव्या दिवशी मागायचं विसरलो. उंदरांसाठी पिंजरा आणला.

बाहेरच्याला वाटतं, मांजर सांभाळायला काय लागतं? सांगतो. नवं मांजर आलं की पंधरा दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचं, नाहीतर त्याचा आजार साऱ्यांना. जंताचं औषध, लस, मग डॉक्टरकडून नसबंदी. आईवेगळ्या पिलांना दर दोन-तीन तासांनी पाजायचं, आणि पाजून झालं की ओल्या कापसाने पुसायचंही, कारण आई जे जिभेने करते ते केल्याशिवाय त्या पिलाला शूसुद्धा होत नाही. हे मला कळलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती, आणि दोन पोरांचा बाप होतो.

पहिल्याच आठवड्यात मी माझी विद्या दाखवायला गेलो. बैलाचं वय दातांवरून कळतं, म्हणून एका बोक्याचा जबडा उघडला. त्याने अंगठ्याच्या आरपार दात घातले. इंजेक्शनं घेऊन परत आलो तर बाई विचारतात,

"कळलं का वय?"

"त्याचं न्हाई, माझं कळलं."

बाई पहिल्यांदा हसल्या त्या दिवशी. नावं ठेवायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. मी बैलांच्या जातींची नावं ठेवली. तांबड्या बोक्याला कंधारी, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेल्या मांजरीला देवणी. डॉक्टर वैतागायचे. त्यांच्या केसपेपरवर 'खिलारी, वजन साडेतीन किलो' असं लिहावं लागायचं.

मदत गोळा करायचं काम मात्र मी कुणी न सांगता घेतलं. बाईंना मागताच येत नव्हतं. त्या दुकानदारापुढे उभं राहून भूतदयेवर बोलायच्या आणि तो घड्याळ बघायचा. माझी रीत वेगळी. रोख कधी मागायची नाही, माणसाच्या दुकानात जे पडून आहे ते मागायचं. खिशाकडे गेलेला हात मध्येच थांबतो, पण मागच्या खोलीत पडलेली वस्तू माणूस सहज देतो. दुसरं, आधी इतकं मोठं मागायचं की समोरच्याला राग यावा. सेलूला एका जिनिंगवाल्या शेठकडे गेलो आणि थेट म्हणालो, "शेठ, मागचं शेड मांजरांना द्या." शेठ उठून उभा राहिला. "येड लागलं का तुला?" मी म्हटलं, "बरं, शेड ऱ्हाऊ द्या. त्यावरची जुनी ताडपत्री द्या." ताडपत्री तर दिलीच, ती आणायला टेम्पोही त्याचाच. सुटलो म्हणून माणूस किती खूश होतो, हे मी बैलबाजारात शिकलो होतो.

मासळीवाल्याकडून येलदरी धरणाच्या माशांची डोकी आणायचो, किराणावाल्याकडून तांदळाची कणी. दोन्ही एकत्र शिजवायचं. बाई लिंगायत, आयुष्यात मासा तोंडात घातलेला नाही. सकाळी पूजा आटोपून त्या अंगणात वेगळ्या पातेल्यात माशांची डोकी ढवळायच्या, नाकाला पदर लावून.

"बाई, तुमच्या हातानं मासे?" मी चिडवायचो.

"मी घेतलीय दीक्षा. मांजरांनी नाही घेतलेली."

एकजण मोठा कूलर द्यायला तयार झाला, पण खोलीला वडिलांचं नाव हवं होतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "देऊ की. पण उद्या आमची झाडणारी बाई आतून ओरडेल, तुमच्या वडिलांच्या खोलीत घाण लय झालीय." त्याने नावाशिवाय कूलर दिला.

मांजर न्यायला येणाऱ्यांच्या तऱ्हा तर विचारू नका. एक किराणावाला पिलू घेऊन गेला आणि आठ दिवसांत परत घेऊन आला. "काम करत न्हाई, नुस्तं झोपतंय." मी त्याला रस्त्यापर्यंत शिव्या देत सोडला. एक बाई दोन नातेवाईक घेऊन आली. सगळी मांजरं बघून झाल्यावर म्हणाली, "आडवं न जाणारं मांजर पायजे." मी म्हटलं, "मंग बैल न्या. तो सरळ चालतो." ती निघून गेली. स्वामी बाईंनी मला तासभर झापलं. "ती उद्या आली असती, परवा आली असती, समजावलं असतं. तुमचं तोंड फाटक बंद करतं, सोपानराव."

त्यांचं बरोबर होतं. पण माझ्या तोंडाला मी कधी लगाम घातला नाही, कारण त्याच तोंडावर मी जगलो होतो.

आता देवणीकडे येतो. ती चार वर्षांची असेल. कुणी आलं की कपाटामागे शिरायची, त्यामुळे कुणाला ती दिसायचीच नाही. वर्ष होत आलं तरी तिला घर मिळेना. एक दिवस मी खुर्चीवर उपरणं टाकून औषध पाजत होतो, आणि देवणी त्यावर येऊन बसली. मग तीच तिची जागा झाली. मी रोज उपरणं तिथे सोडून जायला लागलो. तीस वर्षं ज्याच्याखाली बोटं दाबली, त्यावर एक मांजर झोपते, याचं मला हसू यायचं. आवडायचंही. पण हे मी कुणाला बोललो नाही.

मग शकुंतला आली. जिंतूरला ब्लाऊज शिवते. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, एका पत्र्याच्या खोलीत मशीन आणि ती. ती आली ती बोलली नाही, नुसती खाली बसली, भिंतीला टेकून. अर्ध्या तासाने देवणी कपाटामागून निघाली आणि तिच्या पिशवीला नाक लावलं. वर्षभरात असं झालं नव्हतं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी बाईंकडे.

केंद्राच्या रिवाजाप्रमाणे मी तिचं घर बघायला जिंतूरला गेलो. खोली स्वच्छ होती. कोपऱ्यात ब्लाऊजच्या चिंध्यांची पोती भरलेली. माझं डोकं लगेच चाललं.

"ह्या चिंध्यांचं काय करता?"

"काय करणार मामा, टाकून देते."

"मांजरांना हंतरायला गोधड्या शिवून द्या. छोट्या. पंचवीस."

"पंचवीस? मामा, दहा देते."

"पंचवीस. देवणी काय उगं मिळायलीय का?"

मांजराच्या बदल्यात काही घ्यायचं नाही, हा बाईंचा पहिला नियम. मला तो पाठ होता. पण पडलेली वस्तू दिसली की माझा हात सुटतो. शकुंतला हसली आणि म्हणाली, "बरं मामा, पंचवीस." पहिल्या चौदा गोधड्या तिने मांजर न्यायला येतानाच आणल्या.

आमच्या धंद्यातली एक साधी गोष्ट आहे. मांजर डोळ्यांनी घर ओळखत नाही, नाकाने ओळखतं. नव्या घरात त्याला सगळं परकं. म्हणून ज्या कपड्यावर ते झोपतं तो न धुता बरोबर द्यायचा. तेवढा एक तुकडा त्याच्या ओळखीचा. त्यावर ते बसतं, आणि तिथून हळूहळू खोली आपली करतं. बाईंनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, "सोपानराव, उपरणं द्यायचं विसरू नका."

मी विसरलो नाही. देवणीला टोपलीत घातलं, उपरणं उचललं, आणि हात थांबला. जनावर चाललंय, आणि मी दावं देतोय, असं झालं मला. आता लिहिताना हे खुळेपण वाटतं. त्या क्षणी ते खुळेपण नव्हतं, तो माझ्या हाताचा धर्म होता. बाई आत फोनवर होत्या. मी उपरणं खांद्यावर टाकलं, शेजारच्या दुकानातून एक नवा टॉवेल आणला आणि टोपलीत घातला. शकुंतलेला सांगितलं, "हा तिचा कपडा. धुऊ नका."

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "मामा, देवणी खाईना. दिवाणाखाली बसून वरडायलीय. त्या टॉवेलाकडं बघतबी न्हाई."

"सवय होईल," मी म्हटलं. "दारं-खिडक्या बंद ठेवा."

तेव्हा सांगायला हवं होतं. उपरणं तेव्हा माझ्या घरी खुंटीवर होतं, तिच्या केसांनी भरलेलं. एसटीने गेलो असतो तर दुपारी जिंतूरला पोचलो असतो. पण मग बाईंना कळलं असतं.

पाचव्या दिवशी पुन्हा फोन. या वेळी तिचा आवाज फाटलेला. उन्हाळा, वर पत्रा, बंद खोली. मांजर जीभ काढून धापा टाकायला लागलं म्हणून तिने खिडकी चार बोटं उघडली, आणि कापड मोजायला वळली तेवढ्यात देवणी गेली.

"मामा, तिचं वापरलेलं कायबी असंल तर घेऊन या. बाईला फोन लावला होता. बाई म्हणायल्यात, दारात ठेवलं तर वासानं येती."

बरोबर आहे. हरवलेल्या मांजरासाठी तोच उपाय असतो. मी घरी पळालो. उपरणं तारेवर वाळत होतं. पुतण्याचं लग्न होतं, म्हणून मीच सकाळी बायकोला धुवायला सांगितलं होतं. साबण लावून, नीळ घालून. मी ते नाकाला लावलं. त्यात देवणी नव्हती.

एसटीत बसलो तेव्हा मला राग आलेला नव्हता. नुसती भीती वाटत होती. जिंतूर येईपर्यंत मी राग चढवून घेतला. बाजारात आपली बाजू लंगडी असली की आवाज आधी आपण चढवायचा, हे मला ठाऊक होतं. तिच्या गल्लीत शिरलो आणि दारातूनच सुरू झालो.

"खिडकी कुणी उघडली? सांगितलं होतं का न्हाई? मांजर सांभाळायची लायकी न्हाई तर फारम कशाला भरला?"

"मामा, लय तापलं होतं वो. चारच बोटं—"

"चार बोटं! तुमच्या चार बोटांनी जीव घालवला तिचा!"

साऱ्या दारांत माणसं उभी होती. ती मशीनला धरून उभी राहिली आणि रडली. तिने मला एका शब्दाने उलटून विचारलं नाही, की मामा, त्या टॉवेलला दुकानाचा वास का येत होता? ती कपड्यातली बाई. तिला कोरं कापड ओळखू आलं नसेल? मला वाटतं आलं होतं. माझ्यावर विश्वास होता म्हणून तिने तो विचार बाजूला सारला असेल.

आठ दिवस शोधलं. ती पहाटे उठून येलदरीच्या रस्त्याने हाका मारत जायची. मी माशांची डोकी घेऊन गल्लोगल्ली फिरलो. देवणी सापडली नाही. आजपर्यंत नाही.

बाईंनी एकदाच विचारलं, "उपरणं दिलं होतं ना?"

"दिलं होतं."

बाईंकडे एक वही होती. ज्यांना पुन्हा मांजर द्यायचं नाही त्यांची नावं तिच्यात. मांजर मारणारे, दारू पिऊन लाथा घालणारे, विकणारे. त्यांच्या खाली बाईंनी आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, शकुंतला, जिंतूर. कारण, निष्काळजीपणा. मी समोर उभा होतो. शाई वाळेपर्यंत उभा होतो.

महिन्याने जिंतूरच्या एसटीच्या कंडक्टरने दुकानात येऊन एक गाठोडं टाकलं. आत अकरा गोधड्या होत्या, आणि एक चिठ्ठी. 'मामा, पंचवीस पूर्ण.' त्या गोधड्यांवर केंद्रातली मांजरं अजून झोपतात. मी तिकडे बघायचं टाळायचो.

त्यानंतर माझं तोंड जास्तच सुटलं. फॉर्म भरायला येणाऱ्या प्रत्येकात मला निष्काळजी माणूस दिसायचा. तोवर नवी समिती आली होती. शिकलेली मुलं. फाटकावर स्कॅन करायचा कोड, जखमी मांजरांचे रडक्या गाण्यांचे व्हिडिओ. मदतीचा ओघ वाढला, हे मी मान्य करतो. माणसाच्या डोळ्यात न बघता मागणं मला जमलं नसतं, एवढंच. एका देणगीदारावर मी ओरडलो, त्याची तक्रार झाली, बैठक बसली. सगळे बोलले. मी बाईंकडे बघत होतो. जिथे कूलर आहे, जिथे ताडपत्री आहे, त्या जागेत बसून बाई एक शब्द बोलल्या नाहीत. तो राग माझ्या मनात आहे. तो मी इथे लपवत नाही.

या उन्हाळ्यात एका डेअरीला पेंड पोचवायला जिंतूरला गेलो होतो. पाय आपोआप त्या गल्लीत वळले. शकुंतलेची खिडकी बंद होती. नुसती बंद नाही, फळी मारून खिळे ठोकलेले. आत ती मशीनवर, मानेवरून घाम चाललेला.

"मामा? या. पाणी घ्या."

"खिडकी का ठोकली?"

"भ्या वाटतं वो. माझ्या हातानं उघडली ना तवा."

मी सगळं सांगितलं. दावं, उपरणं, नवा टॉवेल, साबण. तिने शिवण अर्धी सोडली नाही. टोकापर्यंत नेली, दाताने दोरा तोडला.

"उपरणं असतं तर ऱ्हायली असती का?" तिने विचारलं.

"सांगता येत न्हाई. पण मी दिलं न्हाई, हे खरं हाय."

मी म्हटलं, "दुसरं मांजर आणून देतो."

"कसं देताव? मागच्या वर्षी मोबाइलवरून फारम भरला होता मी. 'नामंजूर' म्हणून आलं. फोन लावला तर म्हणाले, तुमचं नाव वहीत हाय." मग तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "मामा, तुमी वरडलाव तवा सारी गल्ली उभी होती. आता मला एकटीला सांगायलाव. मला सांगून काय करू? त्यांना सांगा."

मी उंबऱ्याशी गेलो. समोर दोघी गहू निवडत होत्या, एकजण मोटारसायकल धूत होता. माझा आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत भरला बाजार ओलांडायचा. तो त्या दिवशी निघाला नाही. मागून ती म्हणाली, "मामा, जावा. उशीर होईल तुमाला."

परत आल्यावर बाईंना सांगायला तीनदा शेजारी केंद्रात गेलो. तिन्ही वेळा पेंडीच्या भावावर बोलून परत आलो. मग संपादकांचा फोन आला, गमतीजमती लिहा म्हणून. हा अंक जिंतूरच्या वाचनालयात जातो. त्या गल्लीतल्या दोन घरांत तरी येत असेल. बाई तर दर दिवाळीला लाल पेन हातात घेऊन तो वाचतात, चुका दुरुस्त करत.

तर बाई, पेन हातात असेलच. उपरणं मी दिलं नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. जिंतूरच्या शकुंतलेने खिडकी चार बोटं उघडली, ती एका जिवाला धाप लागली म्हणून. वहीतलं तिचं नाव आज खोडा. आणि तिचा फॉर्म पुन्हा आला, तर घर बघायला दुसऱ्या कुणाला पाठवा.